मरण टिकणार की नाही? सुपरहिरो आणि भयकथांच्या कॉमिक्सवर एक संवाद

अमेरिकी मासिक कॉमिक म्हणजे वीस-बावीस पानांचा, दोन पिना मारलेला पातळ अंक. आज तो चार ते पाच डॉलरला पडतो. या बाजारात दोन प्रकारांची सतत चढाओढ चालते: सुपरहिरो आणि भयकथा. सुपरहिरोचा जन्म १९३८ सालचा, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातल्या सुपरमॅनबरोबरचा. भयकथेचा पहिला बहर १९५० ते १९५४ या थोड्या वर्षांत येऊन गेला आणि दुसरा सध्या चालू आहे. दोन्हीकडचे लेखक-चित्रकार पुष्कळदा तेच असतात, प्रकाशकही तेच. वाचक मात्र एकमेकांकडे संशयाने पाहतात. एका बाजूला भयकथा म्हणजे नुसता रक्ताचा सडा वाटतो, तर दुसऱ्या बाजूला सुपरहिरो म्हणजे वय वाढूनही न सुटलेला पोरखेळ.

या दोन बाजू इथे एका मामा-भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. पात्रे कल्पित आहेत, अंक खरे आहेत. मामांची पिढी टाइम्स समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. ती मालिका १९६४ ते १९९० चालली आणि लहानपणी मामांनी तिच्यातला मुखवटाधारी नायक वेताळ मराठीत वाचला. पुढे ते बॅटमॅन आणि स्पायडरमॅनकडे वळले. भाचीची सुरुवात जपानी चित्रकार जुंजी इतोच्या ‘उझुमाकी’ने झाली. सुपरहिरोंकडे ती नंतर आली आणि अजून पुरती आलेली नाही.

भाची: मामा, तुझ्या सुपरहिरोंची अडचण अगदी साधी आहे. त्यांच्यात कोणी मरत नाही.

मामा: मरतात की! सुपरमॅन मेला होता. ब्याण्णवच्या नोव्हेंबरात काळ्या पिशवीत बंद करून तो अंक विकला होता. आणि नुसता मेला नाही, नीट रचून मेला. त्या शेवटच्या लढाईचे चार अंक काढून बघ. पहिल्यात पानाला चार चौकटी, मग तीन, मग दोन, आणि ‘सुपरमॅन’च्या ७५व्या अंकात प्रत्येक पानावर एकच चित्र. जसजसा तो संपत जातो तसतसा श्वास रोखला जातो.

भाची: आणि पुढचं वर्ष संपायच्या आत उठून बसला. मग तो रोखलेला श्वास सोडायचा कुठे?

मामांचे उदाहरण रचनेपुरते बिनतोड आहे. चौकटी कमी करत नेण्याची ती युक्ती शक्तिप्रदर्शनाच्या कॉमिकमध्ये क्वचितच इतक्या शिस्तीने वापरली गेली असेल. पण भाचीच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. सुपरहिरोंच्या जगातील मृत्यूंचा इतिहास तिच्याच बाजूने साक्ष देतो. एक्स-मेनमधली जीन ग्रे १९८० साली मेली, १९८६ साली परतली. बॅटमॅनचा दुसरा साथीदार जेसन टॉड याला जगवायचे की मारायचे, हे डीसी कंपनीने १९८८ साली वाचकांच्या फोनवर सोडले. ५,३४३ जणांनी मारा म्हटले, ५,२७१ जणांनी जगवा म्हटले. ७२ मतांनी मुलगा मेला आणि २००५ साली तोही परत आला. मार्व्हलने तर २०१९ साली पुनरुज्जीवनाची सरकारी खात्यासारखी व्यवस्थाच लावून टाकली. जोनाथन हिकमनच्या एक्स-मेन कथानकात पाच म्यूटंट मिळून मेलेल्या कोणालाही पुन्हा घडवतात आणि म्यूटंट राहतात त्या बेटावर ही नित्याची बाब ठरते. हिकमनची ही खेळी धाडसाची होती. मरणाचे नाटक करत राहण्यापेक्षा ते नाटक आहे हे त्याने उघड मान्य केले. मात्र त्यानंतर त्या मालिकांत कुणाच्या जिवाची काळजी करणे वाचकाला जड जाऊ लागले.

मामा: तू वेताळ वाचला नाहीस म्हणून असं बोलतेस. वेताळ मरतो. पहिला वेताळ मेला, त्याचा मुलगा वेताळ झाला, तोही मेला. आम्ही वाचायचो तो एकविसावा. जगाला वाटतं तो अमर आहे, पण वाचकाला माहीत असतं की कवटीच्या गुहेत वीस वेताळ पुरलेत.

भाची: हे मला माहीतच नव्हतं. मग बाकीच्यांनी हे का नाही उचललं?

ली फॉकने १९३६ साली वृत्तपत्रातील चित्रपट्टीसाठी वेताळ रचला तेव्हा सुपरमॅन अजून दोन वर्षे दूर होता. मुखवटा आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख वेताळापासून पुढच्यांनी घेतला. वारशाने चालणारे मरण मात्र बहुतेकांनी सोडून दिले. हिशेब पाहिला की त्याचे कारण कळते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १९३८ साली १३० डॉलरला विकले. त्या क्षणापासून सुपरमॅन हे पात्र राहिले नाही, कंपनीची मिळकत झाले. मिळकत मरू शकत नाही, लग्न करून म्हातारीही होऊ शकत नाही. फार तर काही महिने तसे भासवता येते. सीगल आणि शूस्टर यांना निवृत्तिवेतन आणि नावाचा उल्लेख मिळायला १९७५ साल उजाडले, तेही वर्तमानपत्रांत ओरड झाल्यावर. तेव्हा सुपरहिरो मरत नाहीत यात लेखकांची भित्री कल्पनाशक्ती फार थोडी आहे. मालकीचा करार पुष्कळ आहे.

भयकथेला हे बंधन नव्हते, कारण तिला कायमचे नायकच नव्हते. १९५० साली विल्यम गेन्स आणि संपादक-लेखक अल फेल्डस्टीन यांच्या ईसी कॉमिक्सने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ ही तीन द्वैमासिके सुरू केली. प्रत्येक अंकात सहा-आठ पानांच्या सुट्या गोष्टी असत. गोष्ट सांगणारा एखादा विद्रूप सूत्रधार कायम, बाकी सगळे मरण्यासाठीच आलेले. लोभी नवरा, कावेबाज भागीदार, क्रूर घरमालक: पान सहावरून आठवर जाईपर्यंत त्याने केलेले त्याच्यावर उलटत असे. जॉनी क्रेगची स्वच्छ रेष, जॅक डेव्हिसची गावंढळ गंमत आणि ग्रॅहम इंगल्सची कुजलेली, ठिबकणारी शाई या तिघांच्या जोरावर आठ पानांत एक आख्खे आयुष्य संपत असे.

भाची: आणि मग त्या मानसोपचारतज्ज्ञाने सगळं बंद पाडलं.

मामा: एकट्या माणसावर खापर फोडू नकोस. गेन्सनेही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

हे डॉक्टर म्हणजे फ्रेडरिक वर्थम. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी नाममात्र फीचे मानसोपचार केंद्र चालवले होते, ही बाजू त्यांच्या निंदकांनी बहुधा सोडून दिली. १९५४ साली आलेल्या त्यांच्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकाने कॉमिक्स मुलांना गुन्हेगार बनवतात असा हल्ला चढवला. त्यात बॅटमॅन आणि वंडर वुमनही सुटले नाहीत. इलिनॉय विद्यापीठातील संशोधक कॅरल टिली यांनी वर्थम यांची मूळ कागदपत्रे तपासून २०१२ साली दाखवून दिले की रुग्णांच्या माहितीत त्यांनी सोयीची काटछाट केली होती. पण १९५४ साली हे कोणाला ठाऊक नव्हते. एप्रिलमध्ये बालगुन्हेगारीवरच्या सेनेट उपसमितीपुढे गेन्स आपणहून साक्षीला गेला. एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात बाईचे तुटलेले मुंडके असे मुखपृष्ठ दाखवून, हे सुरुचीला धरून आहे का, असे त्याला विचारण्यात आले. भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे, असे त्याने सांगितले. मुंडके आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते सुरुचीला सोडून झाले असते, अशी पुस्तीही जोडली. उत्तर कलेच्या दृष्टीने खरे होते आणि साक्षीच्या दृष्टीने आत्मघातकी.

त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स संहिता लादून घेतली. नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत, रक्तपिपासू नकोत, नरलांडगे नकोत, चालती प्रेते नकोत. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम: प्रत्येक गोष्टीत भल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा. वादाच्या दृष्टीने हे कलम कळीचे आहे. सुपरहिरोच्या गोष्टीचा शेवट नियम म्हणून साऱ्या कॉमिकवर लादला गेला. भयकथेला जे एकच काम नीट येते, म्हणजे वाईट शेवट करणे, ते नियमबाह्य ठरले. दोनच वर्षांनी, १९५६ साली, डीसीने ‘शोकेस’मध्ये नवा फ्लॅश आणून सुपरहिरोंची दुसरी लाट सुरू केली. मैदान आधीच मोकळे करून ठेवलेले होते.

संहितेचा आवेश नैतिक होता, पण तिची नीती कुठवर जात होती हे ‘जजमेंट डे’ या ईसीच्या विज्ञानकथेवरून कळते. १९५३ साली छापलेल्या या गोष्टीत एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव निळ्यांना कमी लेखतात, म्हणून तो त्यांना आकाशगंगेच्या गणराज्यात प्रवेश नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. १९५६ साली ती पुन्हा छापताना संहितेच्या कार्यालयाने अंतराळवीराचा रंग बदलायला सांगितले. गेन्स आणि फेल्डस्टीन यांनी ते साफ नाकारून गोष्ट आहे तशी छापली. त्यानंतर ईसीकडे उरले ते फक्त ‘मॅड’ हे विनोदी नियतकालिक.

मामा: संहिता वाईट होती हे कबूल. पण तिच्या अंगठ्याखालीच स्पायडरमॅन आला ना? बासष्ट साली. सगळ्या बंधनांत राहून स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी असा मुलगा उभा केला, ज्याचा काका त्याच्या बेफिकिरीमुळे मरतो. आणि तो काका परत आलेला नाही.

भाची: म्हणजे तुझा सगळ्यात आवडता सुपरहिरो जिथून सुरू होतो, ती भयकथाच आहे. केलेलं उलटतं आणि निस्तरता येत नाही.

मामांनी यावर विषय बदलला, आणि ते समजण्यासारखे आहे. मुद्दा भाचीने जिंकला होता.

संहितेची पकड सैल व्हायला १९७१ साल लागले. त्या वर्षी रक्तपिपासू आणि नरलांडगे साहित्यिक परंपरेतले असतील तर चालतील, अशी सवलत मिळाली. मार्व्हलने लगेच ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ काढले. मार्व्ह वुल्फमनचे लेखन आणि जीन कोलनची धुरकट चित्रे असलेल्या या मालिकेतच १९७३ साली ब्लेड हे पात्र आले. डीसीकडे लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी दलदलीतला राक्षस, ‘स्वॅम्प थिंग’, उभा केला. पण दोन प्रकारांची खरी गाठ पडली ती १९८४ साली, ॲलन मूरने हे पात्र हाती घेतल्यावर.

मूरच्या पहिल्याच महत्त्वाच्या गोष्टीत, ‘द ॲनाटमी लेसन’मध्ये, या राक्षसाच्या देहाची चिरफाड होते. आपण वनस्पती झालेला माणूस आहोत असे त्याला वाटत असते. शवविच्छेदनात उलटे निघते: माणूस केव्हाच मेला, ही त्याच्या आठवणी प्यायलेली वनस्पती आहे. नायकाला परत माणूस व्हायचे आहे, ही सुपरहिरो मालिकांना वर्षानुवर्षे पुरणारी शिदोरी मूरने एका अंकात संपवली. पुढे काही अंकांनी जस्टिस लीग ही सुपरमॅनसारख्या नायकांची फौज येते, तीही वरच्या वर, पृथ्वीकडे आभाळातून पाहणाऱ्या परक्या देवतांसारखी. सुपरमॅनला भयकथेच्या डोळ्यांनी पाहिले की तो असा दिसतो. स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांच्या पानांवर चौकटींच्या कडाच मुळे आणि वेली होऊन जातात. मालिकेचा २९वा अंक संहितेच्या शिक्क्याविना छापला गेला. तोवर हा शिक्का म्हणजे सवयीने चिकटवलेला कागदच उरला होता. मार्व्हलने तो २००१ साली सोडला, डीसी आणि आर्चीने २०११ साली. यातली एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. संहिता चालवणाऱ्या संघटनेचे अध्यक्षपद पुष्कळ वर्षे आर्ची कॉमिक्सच्या जॉन गोल्डवॉटर यांच्याकडे होते. त्याच आर्चीच्या गावात २०१३ साली ‘आफ्टरलाइफ विथ आर्ची’मधून चालती प्रेते फिरू लागली आणि फ्रान्चेस्को फ्रान्काव्हिला याच्या नारिंगी-काळ्या रंगांत ती शोभलीही.

भाची: मामा, एक गोष्ट तू कधी विचारात घेत नाहीस. कॉमिकमध्ये घाबरवणं किती कठीण आहे ते. सिनेमात दार करकरतं, अंधार असतो, तुम्हाला डोळे मिटावे लागतात. इथे आवाज नाही. आणि पुढची चौकट डोळ्याच्या कोपऱ्यातून आधीच दिसलेली असते.

मामा: मग करतात काय?

भाची: पान उलटायला लावतात. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी मागे वळून बघतंय. हात तुझाच, तूच पान उलटतोस. जे व्हायचं ते तूच केलेलं असतं.

भाचीने सांगितलेले तंत्र भयकथेच्या चित्रकारांचे मूलभूत व्याकरण आहे. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या अंकात पान उलटल्यावर आधी दिसते ते सम क्रमांकाचे डावे पान, म्हणून धक्का तिथे ठेवायचा. जपानी पुस्तक उलट दिशेने वाचले जाते, त्यामुळे तिकडे ही जागा उजव्या पानावर येते. इतोची मोठी चित्रे तिथेच सापडतात. दंततंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराची रेष अतिशय स्वच्छ, जवळजवळ पाठ्यपुस्तकी असते. त्या स्वच्छतेमुळेच अंगावर काटा येतो. ‘उझुमाकी’त आख्खे गाव सर्पिल आवर्तांच्या नादी लागते. भूत नाही, खुनी नाही, कारण नाही. फक्त एक आकार आहे आणि तो सुटत नाही.

दुसरे तंत्र वेळ ताणण्याचे. ईसीच्याच ‘मास्टर रेस’ या १९५५च्या आठ पानी गोष्टीत छळछावणीचा एक जुना अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ओळखला जातो. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टीनने शेवटचे काही क्षण इतक्या अरुंद चौकटींत चिरले आहेत की धावती गाडी वाचकाच्या नजरेसमोर थबकत थबकत जाते. सुपरहिरो कॉमिकची नैसर्गिक दिशा याच्या उलट आहे. तिथे चौकट रुंदावते, दोन पाने जोडून एकच चित्र होते, वाचक मागे सरकून पाहतो. एक प्रकार जवळ ओढतो, दुसरा लांब उभे करतो. मोबाइलवर एकेक चौकट दाखवणाऱ्या वाचनात दोघांचेही नुकसान होते, भयकथेचे अधिक. तिथे उलटायला पानच उरत नाही.

आता अलीकडच्या अंकांकडे. या ठिकाणी मामांचे पारडे पहिल्यांदा जड होते, कारण गेल्या काही वर्षांतले सर्वांत चांगले भयकॉमिक एका सुपरहिरोचे आहे.

मामा: ‘इमॉर्टल हल्क’ वाचलंस का?

भाची: वाचलं. मान्य आहे.

मामा: पूर्ण मान्य म्हण.

अल यूइंगचे लेखन आणि मुख्यतः जो बेनेटची चित्रे असलेली ‘इमॉर्टल हल्क’ ही मालिका २०१८ ते २०२१ या काळात बरोबर ५० अंक चालली. पहिल्याच अंकात पेट्रोल पंपावरच्या दरोड्यात ब्रूस बॅनर, म्हणजे हल्कचे माणसातले रूप, गोळी लागून मरतो. रात्र होते आणि हल्क उठतो. बॅनर कितीही वेळा मरो, हल्क रात्री परत येणार. यूइंगने केलेली मोठी गोष्ट ही: सुपरहिरो मरत नाहीत, हा बाजाराचा नियम त्याने कथेत शाप म्हणून वापरला. मेलेले परत येतात ते एका हिरव्या दारातून, आणि त्या दारापलीकडे जे आहे त्याला ते परत यायला हवे असतात. एका अंकात हल्कचे तुकडे करून वेगवेगळ्या बरण्यांत ठेवलेले असतात. बरण्यांतले तुकडे शांतपणे वाट पाहतात. बेनेटने केलेले रूपांतर पूर्वीसारखे फाटके शर्ट आणि फुगणारे स्नायू एवढ्यावर भागत नाही. हाडे आधी वाढतात, कातडी मागाहून. परत येण्याच्या ज्या सवयीवर भाचीचा आक्षेप होता, ती इथे भीतीचा विषय झाली. हे उत्तर मामांनी दिले नाही, यूइंगने दिले.

पण ५०वा अंक ऑक्टोबरात संपला आणि नोव्हेंबरात नव्या लेखकाच्या हाती हल्कचा नवा पहिला अंक दुकानात आला. भाचीने हे लगेच दाखवून दिले, आणि ते खरेच आहे.

डीसीने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केलेल्या ‘ॲब्सोल्यूट’ मालिका हा दुसरा नमुना. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांच्या ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये ब्रूस वेनकडे वाडा नाही, पैसा नाही, वडील शाळामास्तर होते, आई जिवंत आहे, आणि तो शहराचा अभियंता आहे. छातीवरचे वटवाघूळ काढले की कुऱ्हाडीचे पाते होते. स्नायडरने आधी ‘विचेस’सारखी भयकथा लिहिली आहे. खलनायक मिस्टर फ्रीझच्या दोन अंकांत, विशेषतः मार्कोस मार्टिनच्या चित्रांत, आणि बेनच्या कथानकातल्या शारीरिक छळात ती जुनी तालीम दिसते. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांच्या ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’मध्ये डायना नरकात वाढते, चेटकीण सर्सीच्या हाताखाली. तरीही तिच्या स्वभावात कडवटपणा नाही, आणि याच विसंगतीवर ती मालिका उभी आहे. या दोन मालिकांत हीच अधिक चांगली लिहिलेली आहे. बॅटमॅन अधिक दणकट आहे इतकेच.

भाची: पण तुला स्वतःला तर ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’च जास्त आवडतो. त्यात ना भूत, ना रक्त.

मामा: त्यात वेळ जातो. हिकमनने काय केलं बघ. पीटर पार्करला आधी बायको दिली, दोन मुलं दिली, आणि मग स्पायडरमॅन केलं. आणि अंक निघायचा दर महिन्याला, तर गोष्टीतही महिना पुढे सरकायचा. माझ्या लहानपणीचा पीटर वर्षानुवर्षं कॉलेजातच होता. हा म्हातारा होतोय हे मला दिसतं.

हिकमन आणि मार्को केकेट्टो यांच्या २०२४ सालच्या या मालिकेविषयी मामांचे निरीक्षण अचूक आहे. जखम टिकायची तर आधी दिवस पुढे सरकले पाहिजेत. जुन्या मालिकांत दिवस सरकत नाहीत. पात्रे पन्नास वर्षे तिशीतच अडकलेली असतात आणि त्यांचे दुःख दर दशकाला नव्याने गिरवावे लागते. भूत नसूनही ही मालिका भाचीच्या अटीत बसते.

भयकथेच्या बाजूची अलीकडची यादी मोठी आहे आणि तिच्यात जेम्स टायनियन हे नाव वारंवार येते. ‘समथिंग इज किलिंग द चिल्ड्रन’ ही २०१९ साली सुरू झालेली मालिका वेर्थर देल्लेदेरा याच्या खरबरीत रेषेने चालते. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात मुले नाहीशी होतात. राक्षस मुलांनाच दिसतात, मोठ्यांना नाहीत. आणि कापडी ऑक्टोपस जवळ बाळगणारी एरिका स्लॉटर त्यांना मारायला येते. टायनियन आणि अल्वारो मार्टिनेझ बुएनो यांची ‘द नाइस हाउस ऑन द लेक’ २०२१ साली डीसीनेच काढली. जगाचा अंत होताना एक मित्र आपल्या निवडक दोस्तांना तळ्याकाठच्या सुंदर घरात बोलावून घेतो, आणि तो मित्र माणूस नसतो. बाहेर सगळे जळून गेले आहे. आत उंची मद्य आहे, पुस्तके आहेत आणि मरण्याची मुभा नाही.

मामा: इथेच मी तुला धरतो. ‘समथिंग इज किलिंग’ पाच अंकांची म्हणून जाहीर झाली होती. किती झाले? वर ‘हाउस ऑफ स्लॉटर’ ही जोडमालिका. ‘नाइस हाउस’ संपली, मग समुद्राकाठचं दुसरं घर आलं. एरिकाला मुखवटा आहे, हत्यार आहे, गुप्त संघटना आहे. फक्त तिला सुपरहिरो म्हणायचं नाही!

भाची: एरिका मरू शकते.

मामा: मरू शकते, पण मारणार कोण? खप चांगला आहे.

हा मामांचा सर्वांत सबळ मुद्दा आहे आणि भाचीकडे त्याचे पुरते उत्तर नाही. भयकथा लोकप्रिय झाली की तिला सुपरहिरोचा रोग जडतो. नायिका ठरते, तिचा पोशाख ठरतो, मग तिला जिवंत ठेवणे हिशेबाचे होते. मराठी वाचकाला यात भयकथाकार धारपांचे, पिशाच्चांशी झुंजणारे समर्थ आठवतील. पिशाच्च नवे, घर नवे, पण समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो, आणि निर्धास्त वाचकाला घाबरवणे कठीण. धारपांच्या ज्या कथांत समर्थ येत नाहीत त्या जास्त अंगावर येतात. ओनी प्रेसने २०२४च्या जुलैपासून ईसीचे नाव पुन्हा जागवले, ‘एपिटाफ्स फ्रॉम द ॲबिस’ या मासिकाने. सुट्या गोष्टींची ती जुनी वाट चांगली आहे. पण केलेले उलटणार हे वाचकाला दुसऱ्या पानावरच कळते, आणि नव्या लेखकांपैकी थोड्यांनाच त्यापुढे काही सुचले आहे.

भाचीने शेवटी रॉबर्ट कर्कमनचे उदाहरण पुढे केले. ‘द वॉकिंग डेड’ २००३ साली सुरू झाले. हक्क निर्मात्यांकडे होते आणि प्रकाशक होता इमेज, जी लेखक-चित्रकारांच्या मालकीसाठी १९९२ साली निघालेली संस्था. जुलै २०१९मध्ये १९३वा अंक आला आणि तोच शेवटचा निघाला. वाचकांना आधी सुगावा लागू नये म्हणून कर्कमनने पुढच्या अंकांच्या जाहिराती आणि मुखपृष्ठेही तयार करून दिली होती. ते अंक कधीच निघायचे नव्हते. दूरचित्रवाणीवरची मालिका चालू असताना, खप असताना, त्याने गोष्ट संपवली. मिळकतीच्या मालकाला हे करता येते, कारण मालक तो स्वतः असतो. त्याच मालिकेचे रंगीत पुनर्मुद्रण २०२०पासून पंधरा-पंधरा दिवसांनी विकले जाते, हे मामांनी जाता जाता सांगितले. पण पुनर्मुद्रणाने मेलेली पात्रे जिवंत होत नाहीत.

लहान आकारात हेच काम पॅट्रिक हॉर्वाथने केले. ‘बिनीथ द ट्रीज व्हेअर नोबडी सीज’ (२०२३–२४) ही सहा अंकांची मालिका लहान मुलांच्या चित्रपुस्तकासारखी रंगवलेली आहे. गोड गाव, कपडे घातलेली जनावरे, आणि हार्डवेअरचे दुकान चालवणारी सॅमन्था नावाची अस्वलीण, जी खून करते पण आपल्या गावात कधीच नाही. मग गावात दुसराच कोणी खून पाडतो. मामांना हे पुस्तक आवडले नाही. प्राण्यांच्या चेहऱ्यांवर इतकी क्रूरता त्यांना सोसवली नाही, आणि ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. चित्र जितके निरागस तितका घाव खोल, हेच त्या पुस्तकाचे तंत्र आहे.

दोघांच्या वादातून नव्या वाचकासाठी खरेदीचा क्रम मात्र निघतो. सुट्या मासिक अंकांऐवजी बांधीव खंड घ्यावेत. ते ऑनलाइन मिळतात आणि मधल्या जाहिराती त्यांत नसतात. सुपरहिरोप्रेमीने सुरुवात ‘इमॉर्टल हल्क’च्या पहिल्या खंडापासून करावी आणि मागे जाऊन मूरचे ‘स्वॅम्प थिंग’ वाचावे. भयकथाप्रेमीने ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ घ्यावे, रक्त नसल्याची तक्रार न करता. ‘उझुमाकी’ दोघांनीही घ्यावे, पण छापील घ्यावे.